घरच्या सामानात शिवलेली वही: क्रम कसा ठेवायचा आणि चुकतं कुठे

घरी वही बांधून पाहिलेल्यांच्या तक्रारी बहुतेक तीनच असतात. महिनाभरात मधली पानं सुटतात, पुठ्ठा होडीसारखा वाकतो, नाहीतर वही टेबलावर सपाट उघडत नाही, हाताने दाबून धरावी लागते. तिन्हींचं खापर गोंदावर फोडलं जातं, मग आणखी कडक गोंद आणला जातो आणि पुढची वही आणखी बिघडते.

गोंदाचा दोष फार थोडा असतो. वही बिघडते ती गोंदाचा डबा उघडण्याच्या आधी, कागद चुकीच्या दिशेने दुमडल्यामुळे. आणि पुन्हा बिघडते गोंद लावून झाल्यावर, ती वाळायच्या आत उघडून पाहिल्यामुळे. मधली शिवण अवघड दिसते खरी, पण तिथे लोक फारसे चुकत नाहीत. म्हणून या लेखात पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यांना जास्त जागा दिली आहे.

आपण खिशात मावेल अशी, साधारण १०५ × १४८ मिमी आकाराची, १६० पृष्ठांची, कापडी पुठ्ठ्याची वही करणार आहोत. हाच आकार का, ते पहिल्या टप्प्यात कळेल. काम दोन दिवसांत विभागा. हाताचं काम चार-पाच तासांचं आहे, बाकीचा वेळ वाळण्याचा.

## तयारी: सगळं आधी टेबलावर

गोंद लावलेला हात घेऊन कात्री शोधायची वेळ आली की काम गेलंच समजा. म्हणून सुरुवातीलाच हे सगळं मांडून ठेवा.

कागद: ए-४ आकाराचे २० कोरे कागद, ७५ ते ८० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) वजनाचे. शिवाय अस्तरासाठी, म्हणजे वहीला पुठ्ठ्याशी जोडणाऱ्या पानांसाठी, थोड्या जाड कागदाचे, ए-४ च्या निम्म्या आकाराचे दोन तुकडे. कुठल्याही रंगाचे चालतील. गुळगुळीत, चकचकीत कागद मात्र नको, त्याला गोंद धरत नाही.

पुठ्ठा: जुन्या लेखन-पॅडच्या मागचा करडा पुठ्ठा सगळ्यांत चांगला. तो नसेल तर वस्तूंच्या खोक्यांचा पातळ, सपाट पुठ्ठा दोन-तीन थर चिकटवून सुमारे २ मिमी जाडीचा करा. आत लाटालाटांचा थर असलेला पार्सलचा पुठ्ठा घेऊ नका. तो दाबला की चपटा होतो आणि लाटा कापडावर उमटतात.

दोरा आणि सुई: बटणं लावायचा जाड दोरा आणि नेढं फार मोठं नसलेली सुई. दोरा ओढण्यासाठी मेणबत्तीचा तुकडा.

कापड: पुठ्ठ्यावर चढवायला जुन्या सुती सदऱ्याचं घट्ट विणीचं कापड, कण्यासाठी, म्हणजे वहीच्या शिवलेल्या पाठीसाठी, मलमलीसारखं विरळ कापड आणि १० मिमी रुंदीच्या, ६ सेंमी लांबीच्या दोन सुती फिती. सदऱ्याच्या शिवणीची पट्टी उसवून घेतली तर फीत आयतीच मिळते.

हत्यारं: नवं पातं घातलेला कटर, स्टीलची पट्टी, गुण्या, पेन्सिल, टोच्यासाठी बुचात रोवलेली जाड सुई, घडी घोटायला चमचा, दोन ब्रश, विणकामाच्या दोन सुया (३ मिमीच्या) आणि वजनासाठी जाड पुस्तकं किंवा कागदात गुंडाळलेल्या दोन विटा.

गोंद: लाकूडकामाचा पांढरा गोंद आणि मैद्याची खळ, दोन्ही लागतात, कारण त्यांची कामं वेगळी आहेत. पांढरा गोंद लवकर धरतो आणि वाळल्यावर लवचीक राहतो, म्हणून कण्यावर फक्त तोच लावायचा. खळ सावकाश वाळते, त्यामुळे कापड किंवा कागद सरकवून नीट बसवायला उसंत मिळते. पुठ्ठ्यावर कापड चढवताना आणि अस्तर चिकटवताना दोन्ही निम्मे-निम्मे मिसळून घ्या.

खळ अशी करा: एक माप मैदा, पाच मापं गार पाणी. आधी थोड्या पाण्यात मैदा गुठळ्या न होता कालवा, मग उरलेलं पाणी घाला. मंद आचेवर सतत ढवळा. मिश्रण दाट आणि किंचित पारदर्शक दिसू लागलं की आणखी दोन-तीन मिनिटं शिजवा. उतरवून गार करा आणि फडक्यातून गाळा. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते. आंबट वास आला की टाकून द्या.

> सावधान: खळीला कीड लागू नये म्हणून काही बांधणीवाले तिच्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. घरच्या भांड्यांत आणि मुलांच्या हातात जाणाऱ्या वहीत ते घालू नका.

> सावधान: झटपट चिकटवणारा, थेंबाथेंबाने वापरायचा गोंद कण्याला लावू नका. तो काचेसारखा कडक होतो आणि वही उघडताच तडकतो. पारदर्शक चिकटपट्टीही नको. ती पिवळी पडते आणि तिचा चिकट थर पानांत झिरपतो.

## आधी एक जुडी शिवून पाहा

दुमडलेले कागद एकात एक घातले की त्यांची एक जुडी होते. आपल्या १६० पृष्ठांच्या वहीत अशा आठ जुड्या असतात. तुम्ही सुईला कधीच हात लावला नसेल, तर आधी एकाच जुडीची पातळ वही करून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आठ कागद एकात एक दुमडा. घडीच्या रेषेवर तीन भोकं पाडा: एक मध्ये, बाकीची दोन्ही टोकांपासून थोडी आत. सुई आतल्या बाजूने मधल्या भोकातून बाहेर काढा. बाहेरून वरच्या भोकात जा. आतून मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकापर्यंत या आणि बाहेर पडा. मग बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत. आता दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. तो टाका मध्ये पकडून दुहेरी गाठ मारा.

यात दोरा किती ओढायचा हे हाताला कळतं. ते वाचून कळत नाही.

## टप्पा १: कागदातल्या तंतूंची दिशा ओळखा

यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने आडवे होतात. छपाईवाले या दिशेला ग्रेन म्हणतात. तंतूला ओल लागली की तो जाडीत फुगतो, लांबीत जवळपास वाढत नाही. त्यामुळे ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने पसरतो आणि वाळताना त्याच दिशेने आखडतो. पुठ्ठ्याचंही तेच.

यावरून नियम एकच: वहीतल्या प्रत्येक कागदाचे, अस्तराचे आणि पुठ्ठ्याचे तंतू कण्याला समांतर, म्हणजे वरून खाली धावले पाहिजेत. तसं असेल तर पान कण्यापाशी सहज वळतं आणि फुगणं-आखडणं मोकळ्या कडेच्या दिशेने होतं, तिथे त्याला अडवायला काही नाही. उलटं असेल तर फुगायला बघणारा कागद कण्यावर शिवण आणि गोंदाने जखडलेला असतो. मग कण्याजवळ लाटा येतात, पानं ताठ उभी राहतात आणि वही सपाट उघडत नाही. माझ्या पहिल्या चार वह्या अशाच झाल्या. दर वेळी मी शिवण बदलत राहिलो, कागद मात्र दर वेळी तसाच दुमडला.

दिशा ओळखायच्या तीन रीती:

वाकवून. कागद घडी न पाडता अर्धा वळवा आणि वळणावर तळहाताने हलकेच दाबा. मग दुसऱ्या दिशेने तसंच करा. ज्या दिशेला विरोध कमी लागतो, त्या वळणाच्या रेषेला तंतू समांतर आहेत. पुठ्ठ्यासाठी हीच रीत सोपी.

फाडून. तंतूंच्या दिशेने कागद बराचसा सरळ फाटतो. आडवा फाडला तर फाट भरकटते.

भिजवून. कागदाचा चौकोनी तुकडा कापा, मूळ कागदाची लांब बाजू त्यावर खुणेने लिहा आणि एकाच बाजूला ओलं बोट फिरवा. तुकडा नळीसारखा वळेल. नळीची लांबी ज्या दिशेला, तीच तंतूंची दिशा. शंका उरली असेल तर याच रीतीवर विश्वास ठेवा.

आता आकाराचं कारण. ए-४ कागदात तंतू सहसा लांब, म्हणजे २९७ मिमीच्या बाजूला समांतर असतात. तो मध्ये दुमडून ए-५ आकाराची वही केली, तर घडी २१० मिमीच्या बाजूला समांतर पडते आणि तंतू कण्याला आडवे येतात. बहुतेक जण नेमकी हीच वही करतात. त्याऐवजी ए-४ कागद २९७ च्या बाजूवर मधोमध कापा. मिळालेले २१० × १४८ मिमीचे तुकडे मध्ये दुमडा. आता घडी आणि तंतू एका दिशेला आले. मोठी वहीच हवी असेल तर लांबीला समांतर तंतू असलेला ए-३ कागद घेऊन त्याच रीतीने आधी कापा, मग दुमडा.

> तपासणी: पुढे जाण्याआधी कागद, अस्तर आणि पुठ्ठा, तिन्हींवर पेन्सिलने बाण काढा. पुठ्ठा कापल्यावर दिशा ओळखणं अवघड जातं.

## टप्पा २: कापा, दुमडा, दाबा

२० कागद कापून ४० तुकडे होतील. सगळे एकदम कापायला जाऊ नका, पाच-पाचच घ्या. स्टीलच्या पट्टीवर जोर द्या, कटरवर नाही. पातं हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा. पट्टी धरलेल्या हाताची बोटं कडेच्या बाहेर डोकावत नाहीत ना, हे प्रत्येक वेळी पाहा.

पाच तुकडे एकत्र घेऊन दुमडू नका. प्रत्येक तुकडा वेगळा दुमडा, घडी आधी बोटाने बसवा आणि चमच्याच्या पाठीने मधून टोकांकडे घोटा. मग पाच घड्या एकात एक घाला आणि डोक्याकडची, म्हणजे वरची, कड टेबलावर ठोकून सारखी करा. अशा आठ जुड्या होतील. मोकळ्या कडेला आतला कागद बाहेरच्यापेक्षा किंचित पुढे येतो. तो दोष नाही, तसाच राहू द्या. घरच्या कटरने ८० पानं एकसारखी छाटायला गेलात तर कड तिरपी होण्याचीच शक्यता जास्त.

आठही जुड्या दोन फळ्यांमध्ये ठेवून रात्रभर वजनाखाली दाबा. हा टप्पा सर्रास गाळला जातो. न दाबलेल्या जुड्यांत हवा असते, शिवल्यावर त्या फुगून येतात आणि कणा कडेपेक्षा जाड होतो.

## टप्पा ३: भोकांचा साचा आणि भोकं

प्रत्येक जुडीवर वेगळं माप घेतलं तर भोकं एका रेषेत येत नाहीत. म्हणून १४८ मिमी लांबीची पुठ्ठ्याची पट्टी मध्ये लांबीने दुमडून साचा करा. तिच्या घडीवर डोक्याकडून या अंतरांवर खुणा करा: १२, ४३, ५५, ९३, १०५ आणि १३६ मिमी. सहा भोकं झाली. पहिलं आणि सहावं टोकाच्या गाठींसाठी. ४३-५५ आणि ९३-१०५ या जोड्यांच्या मधून फिती जातील. साच्यावर ‘डोकं’ असं लिहून ठेवा.

एक जाड जुनं पुस्तक मध्ये उघडा, त्याच्या खळग्यात जुडी उघडी ठेवा आणि साचा घडीत बसवा. टोचा घडीच्या रेषेतून दोन्ही बाजूंना सारखा कोन राखून खाली घाला. भोक सुईपेक्षा मोठं नको. मोठ्या भोकातून कण्याचा गोंद आत झिरपतो आणि मधली पानं एकमेकांना चिकटतात.

> तपासणी: आठही जुड्या डोक्याकडून ठोकून एकावर एक रचा आणि कण्याकडून पाहा. भोकांच्या सहा सरळ उभ्या रांगा दिसल्या पाहिजेत. एखादी जुडी उलटी टोचली गेली असेल तर ती इथेच सापडते. दोन मिलिमीटरहून जास्त चुकली असेल तर ती जुडी नव्याने करा, तिच्यावर दुसरी भोकं पाडू नका.

## टप्पा ४: शिवण

सुमारे १५० सेंमी दोरा घ्या. मेणबत्तीवरून दोन-तीन वेळा ओढा, म्हणजे तो गुंतत नाही आणि गाठ घसरत नाही. दोरा फार जाड नको. प्रत्येक जुडीत दोऱ्याचा एक थर बसतो आणि आठ थरांनी कणा चांगलाच फुगतो.

पहिली जुडी टेबलाच्या कडेशी, कणा तुमच्याकडे करून ठेवा. दोन्ही फितींचं एक टोक टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने लावून फिती उभ्या धरा.

१. बाहेरून पहिल्या भोकात सुई घाला. बाहेर ८ सेंमी शेपूट सोडा.

२. आतून दुसऱ्या भोकातून बाहेर या, फितीवरून जाऊन तिसऱ्यात आत. आतून चौथ्यातून बाहेर, दुसऱ्या फितीवरून पाचव्यात आत, आणि सहाव्यातून बाहेर. सुई फितीच्या वरून गेली पाहिजे, फितीला टोचता कामा नये.

३. दुसरी जुडी वर ठेवा. तिच्या सहाव्या भोकातून आत शिरा आणि त्याच पद्धतीने उलट दिशेने पहिल्यापर्यंत या. बाहेर आलेला दोरा आणि सोडलेली शेपूट यांची दुहेरी गाठ मारा.

४. तिसरी जुडी ठेवा, पहिल्या भोकातून आत जा आणि सहाव्यातून बाहेर पडा. आता इथे कडेची गाठ घ्यायची. खालच्या दोन जुड्यांना जोडणारा जो टाका आहे त्याच्या मागून सुई आतून बाहेर काढा, तयार झालेल्या फाशातून सुई ओवा आणि हलकेच ओढा. मग वरच्या जुडीत चढा.

५. पुढे प्रत्येक जुडीच्या शेवटी हीच गाठ. आठव्या जुडीनंतर ती दोनदा घ्या आणि दोरा १ सेंमी सोडून कापा.

लोक इथे चुकतात ते दोरा ओढण्याच्या दिशेत. दोरा नेहमी कण्याला समांतर, ज्या दिशेने शिवण चालली आहे त्याच दिशेने ओढायचा. आपल्याकडे, म्हणजे कण्याला काटकोनात ओढला की कागद भोकापासून चिरतो. चिरलेल्या जुडीचं मधलं पान पुढे सुटणारच.

दुसरी चूक म्हणजे शेवटची गाठ विसरणं. ती सुटली तर त्या टोकाला दोन जुड्या मोकळ्या राहतात आणि वही उघडली की मध्ये फट दिसते.

> तपासणी: प्रत्येक जुडी शिवल्यावर ती मध्ये उघडा. आतला दोरा ताठ, पण कागदाला न कापणारा असावा. सैल दोरा नंतर ओढून घेता येत नाही, तो त्याच जुडीत घट्ट करा.

## टप्पा ५: अस्तर आणि कणा

अस्तराचे दोन्ही कागद तंतूंच्या दिशेने दुमडा. घडीच्या कडेला ३ मिमी रुंदीची पांढऱ्या गोंदाची पट्टी लावा. वर टाकाऊ कागद ठेवून फक्त तेवढीच पट्टी उघडी ठेवली की गोंद पसरत नाही. एक अस्तर पहिल्या जुडीवर, दुसरं शेवटच्या जुडीवर, कण्याशी अगदी बरोबर बसवा. दहा मिनिटं दाबा.

आता वही कण्यावर आणि डोक्यावर ठोकून काटकोनात आणा. कणा टेबलाच्या कडेला आणून वर वजन ठेवा. कण्यावर पांढऱ्या गोंदाचा पातळ थर लावा आणि बोटाने जुड्यांच्या मधल्या फटींत चोळा. गोंदाने कणा जाड करायचा नाही, फक्त फटी भरायच्या. जाड थर वाळून कडक होतो आणि वहीचं उघडणं अडतं.

तासाभराने त्यावर मलमलीची पट्टी बसवा: उंची १३० मिमी, रुंदी कण्यापेक्षा दोन्ही बाजूंना ३० मिमी जास्त. तिच्यावरून पुन्हा गोंद आणि कण्याच्या मापाची कागदाची पट्टी. बाजूला आलेलं मलमल आणि फिती मोकळ्या सोडा. वहीला पुठ्ठ्याशी धरून ठेवतात त्या याच.

## टप्पा ६: पुठ्ठ्याची मापं

मापं लेखातून घेऊ नका, तुमच्या वहीवरून घ्या. खालचे आकडे १०५ × १४८ मिमीच्या वहीसाठी, १० मिमी कणा आणि २ मिमी पुठ्ठा धरून आहेत.

पुठ्ठ्याची उंची १५४ मिमी, म्हणजे वर-खाली ३ मिमी कड बाहेर. रुंदी १०२ मिमी, कारण पुठ्ठा कण्यापासून ६ मिमी मागे सरतो आणि पुढे ३ मिमी बाहेर येतो. कण्याची पट्टी पातळ पुठ्ठ्याची, रुंदी १४ मिमी: कणा आणि दोन पुठ्ठ्यांची जाडी. पट्टी आणि पुठ्ठा यांच्यामध्ये दोन्हीकडे ७ मिमी जागा सोडायची. वही वळते ती याच जागेत. ती कमी पडली तर पुठ्ठा उघडताना पहिलं पान ओढलं जातं.

> तपासणी: तिन्ही तुकडे वहीभोवती कोरडेच लावून रबराने बांधा. कडा तिन्ही बाजूंना सारख्या दिसल्या की मगच कापड कापा.

## टप्पा ७: कापड चढवणं

सुती कापडाला थेट गोंद लावला तर तो विणीतून वर येतो आणि डाग पडतात. म्हणून कापड ओलं करून काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर उलटं पसरा, पातळ कागदाला खळ लावून तो कापडावर ठेवा, ब्रशने ठोकत हवा काढा आणि पूर्ण वाळल्यावर सोलून घ्या. जुनं कापड यानंतर बांधणीच्या कापडासारखं वागतं.

कापडाचं माप २६२ × १८४ मिमी, म्हणजे चारही बाजूंना १५ मिमी दुमड. कापडाच्या मागच्या कागदावर दोन्ही पुठ्ठे आणि पट्टी यांच्या जागा पेन्सिलने आखा. गोंद पुठ्ठ्याला लावा, कापडाला नाही. पुठ्ठा जागेवर ठेवा, उलटवा आणि मधून कडेकडे हाताने घोटा.

कोपरे तिरपे कापताना पुठ्ठ्याच्या कोपऱ्यापासून ३ मिमी अंतर सोडा. अगदी कोपऱ्याला लागून कापलं तर पुठ्ठा उघडा पडतो आणि त्यावर उपाय नाही. दुमडींना गोंद लावून आधी वरची आणि खालची दुमडा, कोपऱ्यावरचा बारीक तुकडा नखाने आत दाबा, मग बाजूच्या दुमडा. पट्टीच्या दोन्ही बाजूंची ७ मिमीची जागा चमच्याने घोटून खाच पाडा.

रिकामा पुठ्ठा वाळताना बाहेरच्या बाजूला थोडा वाकेल. घाबरू नका. आतून अस्तर चिकटलं की ते उलट बाजूने ओढतं आणि पुठ्ठा सरळ होतो.

## टप्पा ८: वही पुठ्ठ्यात बसवणं

इथे घाई नडते. वही पुठ्ठ्यात ठेवून कडा सारख्या करा. एका बाजूचा पुठ्ठा उघडा आणि अस्तराच्या दोन पानांच्या मध्ये टाकाऊ कागद घाला. मलमल आणि फिती वरच्या अस्तरावर सपाट चिकटवा. मग त्या पूर्ण पानाला गोंद-खळीचं मिश्रण लावा, मधून कडेकडे, पातळ आणि सारखं. टाकाऊ कागद काढून घ्या आणि पुठ्ठा एकाच हालचालीत खाली आणून दाबा. पान पुठ्ठ्याकडे न्यायचं नाही, पुठ्ठा पानाकडे आणायचा. वही उलटवून दुसऱ्या बाजूला हेच करा.

पुठ्ठा अगदी थोडा, तीस अंशांपर्यंत उचलून सुरकुती नाही ना ते पाहून घ्या. असली तर पहिल्या मिनिटातच बोटाने बाहेर काढा. नंतर हात लावू नका.

दोन्हीकडे चिकटलेलं अस्तर आणि आतली पानं यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद सरकवा, नाहीतर ओल पानांत उतरते. विणकामाच्या सुया दोन्ही खाचांत ठेवा, वही दोन फळ्यांमध्ये घाला आणि वजन ठेवा. अर्ध्या तासाने प्लास्टिक काढून कोरडा कागद घाला, दोन तासांनी तो बदला आणि मग चोवीस तास हलवू नका.

> तपासणी: वाळली की नाही हे बोटाला कळत नाही. पुठ्ठ्याची आतली बाजू गालाला लावा. गार लागली तर ओल आहे, परत वजनाखाली ठेवा.

## तरीही बिघडलं तर

पुठ्ठा आतल्या बाजूला वाकला असेल तर बाहेरच्या कापडावर किंचित ओलसर फडकं फिरवून दोन दिवस दाबा. बाहेरच्या बाजूला वाकला असेल तर हाच उपाय आतल्या अस्तरावर. तरीही वाकतच राहिला तर तंतूंची दिशा चुकली आहे. वही खाचेत कापून बाहेर काढा आणि नवा पुठ्ठा करा, शिवण तशीच वापरता येते.

एखादं सुटं पान निघालं तर त्याच्या कडेला ३ मिमी गोंद लावून जागेवर बसवा. पूर्ण जुडी सैल असेल तर मात्र गोंदाने काही होत नाही, ती उसवून पुन्हा शिवावी लागते.

## पहिल्यांदा उघडताना

नवी वही हातात आली की मधोमध उघडून पाहायचा मोह होतो. तसं केल्याने गोंदाचा सगळा ताण एकाच जागी येतो आणि वही पुढे कायम तिथेच उघडत राहते. वही कण्यावर उभी धरा आणि दोन्ही पुठ्ठे टेबलावर टेकवा. पुढची आठ-दहा पानं खाली घेऊन घडीशी अंगठा फिरवा, मग मागची आठ-दहा. असं दोन्ही बाजूंनी आळीपाळीने करत मध्यापर्यंत या.